नेब्रास्का अजून खानदानी आहे का? – तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात अमेरिकन कॉलेज फुटबॉलवर लिहिताना मी ओघात एक वाक्य टाकलं होतं, की जुनी खानदानी घराणी, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या टीम, आठच, आणि नेब्रास्का युनिव्हर्सिटीची टीम त्यात अजूनही आहे. तेवढ्या वाक्यावरून पत्रांचा ढीग आला. बरीचशी तिकडे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींची, काही इथल्या आईवडिलांची. सगळी घेता येणार नाहीत, पण जी घेतली त्यांना नीट उत्तर देतोय.

प्रश्न : माझा मुलगा मिशिगनला अ‍ॅन आर्बरमधे एमएस करतोय. जाईपर्यंत त्याला क्रिकेट सोडून काही माहीत नव्हतं, आता शनिवारी रात्री फोन केला तर उचलत नाही, मॅच आहे म्हणतो. रूममेट ओहायोचा आहे, दोघांची "ब्लू ब्लड कोण" यावरून रोज वादावादी. कॉलेजच्या पोरांच्या खेळाचं एवढं काय असतं हो? — एक आई, नाशिक

उत्तर : काकू, आधी फोनचं सांगतो. आपल्याकडे शनिवारी रात्रीचे साडेनऊ वाजतात तेव्हा तिकडे दुपारचे बारा, आणि मिशिगनची मॅच पुष्कळदा बरोबर बाराला सुरू होते. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं तासभर मागे गेली की तीच वेळ आपल्याकडे साडेदहाची. तेव्हा रविवारी सकाळी फोन करा, मॅच जिंकलेली असेल तर तासभर बोलेल तुमच्याशी.

आता एवढं काय असतं ते. आपण कॉलेजची टीम म्हटलं की शंभर-दोनशे पोरं बाउंड्रीवर उभी आहेत असं चित्र डोळ्यासमोर आणतो, पण मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता आहे १,०७,६०१, आणि ते भरतं. प्रोफेशनल फुटबॉलच्या टीम सगळ्या देशात मिळून ३२, त्या बहुतेक मोठ्या शहरांजवळ. बाकीच्या अमेरिकेला, म्हणजे छोटी गावं, शेतीवाली राज्यं, यांना स्वतःचं म्हणावं असं एकच असतं, युनिव्हर्सिटीची टीम. आजोबा तिथे शिकले नसले तरी आजोबांची टीम तीच, बापाची तीच, नातवाची तीच. म्हणून मी "ब्लू ब्लड"ला खानदानी म्हणतो, त्याहून चांगला शब्द मला मराठीत सापडला नाही.

ही आठ घराणी म्हणजे नोत्र दाम, मिशिगन, ओहायो स्टेट, अलाबामा, ओक्लाहोमा, यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया), टेक्सस आणि नेब्रास्का. म्हणजे तुमचा मुलगा आणि त्याचा रूममेट दोघंही खानदानी घरातलेच, भांडण भाऊबंदकीचं आहे. मिशिगनने नोव्हेंबर २०२३ मधे १०००वी मॅच जिंकली, तिथवर पोचलेली ती पहिली टीम. मी स्वतः ओहायोमधे कोलंबसला सहा वर्षं काढलीत. मिशिगनच्या मॅचचा आठवडा आला की तिथे कॅम्पसवरच्या पाट्यांमधल्या प्रत्येक इंग्रजी "एम"वर लाल टेपची फुली मारतात, मी पण मारलेली आहे. तरी सांगतो, पहिल्या तिघांत मिशिगनचं नाव न घेणाऱ्याला मी या वादात बसू देणार नाही.

मुलाला एक गोष्ट विचारून बघा, १९६९ साली काय झालं म्हणून. ओहायो स्टेटचा कोच वुडी हेज, आणि त्याच्याच हाताखाली खेळलेला, त्याचाच असिस्टंट राहिलेला बो शेम्बेक्लर मिशिगनला कोच म्हणून आला, आणि पहिल्याच वर्षी गुरूच्या पहिल्या नंबरवर असलेल्या टीमला २४-१२ हरवलं. मग पुढची नऊ वर्षं, १९७८ पर्यंत, दरवर्षी हे दोघे समोरासमोर. ती दहा वर्षं समजली की पोरगा फोन का उचलत नाही ते कळेल.

प्रश्न : दादा, मी ओमाहाला आठ वर्षं आहे. ऑफिसमधले आयोवावाले आणि एक अलाबामाचा, सगळे मिळून मला ऐकवतात की नेब्रास्का संपली, खानदानीतून नाव काढा. तुम्ही लिहिलंत म्हणून तो अंक मी त्यांना भाषांतर करून वाचून दाखवला, तर म्हणाले पुरावा दे. द्या आता पुरावा! — ओमाहा, नेब्रास्का

उत्तर : देतो, पण आधी त्यांची बाजू मांडतो कारण ती कमजोर नाहीये.

मी खानदानी ठरवताना पहिलं बघतो ते हे की वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या कोचच्या हाताखाली जिंकलात का. एक थोर माणूस कुठेही जन्माला येऊ शकतो, तो गेल्यावर घर टिकलं का ते महत्त्वाचं. अलाबामा स्वतःची १८ टायटल, म्हणजे देशाची अजिंक्यपदं, सांगते, ती पाच कोचची आहेत, १९२५ ला वॉलेस वेडने सुरुवात केली, मग फ्रँक थॉमस, मग बेअर ब्रायंटची सहा, १९९२ ला जीन स्टॉलिंग्ज, मग निक सेबनची सहा. नोत्र दामची ११, तीही पाच जणांची, रॉकनी, लेही, पार्सेगियन, डिव्हाइन, होल्ट्झ. ओहायो स्टेटचेही पाच, १९४२ च्या पॉल ब्राउनपासून २०२४ च्या रायन डेपर्यंत. ओक्लाहोमाची सात तीन जणांत, विल्किन्सन, स्विट्झर, स्टूप्स.

आणि नेब्रास्का? पाच टायटल, १९७०, ७१, ९४, ९५, ९७, आणि कोच फक्त दोन. बॉब डेव्हॅनी आणि टॉम ऑस्बोर्न. त्यातही ऑस्बोर्न हा डेव्हॅनीचाच असिस्टंट, म्हणजे खरं तर १९६२ ते १९९७ ही एकच सलग राजवट. १९९९ नंतर साधं कॉन्फरन्सचं, म्हणजे आपल्या गटातल्या टीममधलंसुद्धा, टायटल नाही. २०१७ ते २०२३ सलग सात सीझन जिंकल्यापेक्षा हरल्या जास्त. तुमचा अलाबामावाला हेच म्हणत असणार, आणि आकडे बरोबर आहेत.

तो अजून हुशार असेल तर मिनेसोटाचं उदाहरण देईल. मिनेसोटाने बर्नी बिअरमनच्या काळात १९३४, ३५, ३६, ४० आणि ४१ अशी पाच टायटल घेतली, नेब्रास्काएवढीच, तीही आठ वर्षांत. वर १९६० ला अजून एक. आज मिनेसोटाला खानदानी कोणी म्हणत नाही. मग नेब्रास्काला का म्हणायचं, अजून वीस वर्षांनी तिचंही मिनेसोटाच होणार.

इथे मी थांबवतो त्यांना. मिनेसोटाचं शेवटचं टायटल १९६० चं, आणि १९६१ ला मिनिआपोलिसजवळ व्हायकिंग्ज ही प्रोफेशनल टीम आली, त्याच वर्षी बेसबॉलची ट्विन्स आली. शहराला बघायला दुसरं मिळालं. पुढे कॉलेजची टीम स्वतःचं मैदान सोडून १९८२ पासून त्या दोघांच्याच छपराखालच्या स्टेडियममधे भाडेकरूसारखी खेळायला गेली, आणि २००८ पर्यंत तिथेच राहिली. टायटल आटली म्हणून मिनेसोटाचं नाव गेलं असं नाही, गावाने दुसरीकडे बघितलं म्हणून गेलं, आणि गाव दुसरीकडे बघायला लागलं की चांगला कोच, चांगली पोरं मागे लागून आणायची गरजच कोणाला वाटत नाही.

नेब्रास्काने दुसरीकडे बघितलेलं नाही. सगळ्या राज्याची लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास, एकही मोठी प्रोफेशनल टीम नाही, आणि लिंकनचं मेमोरियल स्टेडियम नोव्हेंबर १९६२ पासून प्रत्येक घरच्या मॅचला सोल्ड आउट, चारशेच्या वर मॅच झाल्या. मॅचच्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतर राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे ते स्टेडियम असतं. त्या सात हरलेल्या सीझनमधेही तिकिटं संपतच होती हे त्या मित्रांना सांगा. २००० साली नोत्र दामच्या मैदानावर मॅच होती तर हजारो नेब्रास्कावाले तिकिटं मिळवून तिथे गेले, समोरच्याचं स्टेडियम लाल करून टाकलं. आणि मला सगळ्यात जास्त पटणारा पुरावा तर फुटबॉलचा नाहीच, ३० ऑगस्ट २०२३ ला त्याच स्टेडियममधे मुलींची व्हॉलीबॉलची मॅच ठेवली, ९२,००३ माणसं आली. मुलींच्या मॅचला एवढी गर्दी तोवर अमेरिकेत कधी झाली नव्हती. जे राज्य आपल्या युनिव्हर्सिटीचं व्हॉलीबॉल बघायला असं येतं ते फुटबॉल सोडून कुठे जाणार आहे?

अजून एक. त्या घराला स्वतःची रीत आहे. १९८४ च्या जानेवारीत ऑरेंज बोल या सीझनअखेरच्या मोठ्या मॅचमधे मायामीविरुद्ध शेवटच्या मिनिटाला नेब्रास्का ३०-३१ वर आली. एक पॉइंटची साधी किक मारली असती तर मॅच बरोबरीत, आणि पहिला नंबर बहुतेक त्यांच्याकडेच राहिला असता. ऑस्बोर्नने ती मारलीच नाही, दोन पॉइंटसाठी गेला, पास हुकला, टायटल मायामीला. पहिलं टायटल मिळायला त्याला पुढे १९९४ उजाडलं. बरोबरी घेऊन चॅम्पियन म्हणवून घ्यायचं नाही, हे ज्याने ठरवलं त्याच्या घराला मी खानदानी नाही म्हणू तर कोणाला म्हणू?

चूकही त्यांचीच आहे, तीही लपवत नाही. २००३ मधे ९-३ असा सीझन काढलेल्या कोच फ्रँक सॉलिचला काढून टाकलं, कारण नऊ विजय कमी वाटले. ऑस्बोर्नने २५ वर्षांत एकदाही नऊच्या खाली विजय नेले नव्हते ना, लोकांना नऊ म्हणजे तळ वाटायचा. आज नऊ जिंकले तर लिंकनमधे दिवाळी होईल. ओक्लाहोमाशी होणारी जुनी लढत १९९७ नंतर दरवर्षीची राहिली नव्हतीच, पुढे २०११ ला कॉन्फरन्स बदलली आणि ती आणखी मागे पडली, १९७१ ची ३५-३१ वाली मॅच ज्या लढतीतली ती. माझ्या मते सॉलिचपेक्षा ते नुकसान मोठं.

म्हणून माझं उत्तर, नाव काढायचं नाही. घर पडझडीला आलंय, ओसरीवरची माणसं हललेली नाहीत.

प्रश्न : येलची २७ आणि प्रिन्स्टनची २८ टायटल आहेत असं वाचलं. मग ती सोडून तुम्ही टेक्ससची चार धरता, हा कुठला न्याय? — न्यू जर्सी

उत्तर : आकडे बरोबर आहेत, म्हणजे ते त्यांचे दावे आहेत. मुळात हा खेळच तुमच्या राज्यात सुरू झाला, ६ नोव्हेंबर १८६९, न्यू ब्रन्सविकला, रटगर्सने प्रिन्स्टनला ६-४ हरवलं. येलच्या वॉल्टर कॅम्पने लाइन ऑफ स्क्रिमेज (चेंडू जिथून खेळायचा ती रेघ) आणि डाउनचे (ठरावीक प्रयत्नांचे) नियम आणले तेव्हा कुठे तो आजच्यासारखा दिसायला लागला. त्यांचं ऋण मोठंच आहे. पण तेव्हा खेळणारी कॉलेजं मूठभर होती, एपी या वृत्तसंस्थेचं रँकिंग सुरू झालं १९३६ ला, आणि १९५४ च्या आयव्हीच्या, म्हणजे येल-प्रिन्स्टनसारख्या जुन्या कॉलेजांच्या गटाच्या, करारात त्यांनी खेळासाठी स्कॉलरशिप द्यायची नाही असं स्वतःहून ठरवलं. ते हरून बाहेर पडले नाहीत, आपल्या मनाने बाजूला झाले, त्यांना मी पूर्वज म्हणतो.

यात मला सगळ्यात जास्त हुरहूर लावणारं नाव शिकागो युनिव्हर्सिटीचं. बिग टेन या कॉन्फरन्सच्या संस्थापकांपैकी एक, कोच एमोस अलोन्झो स्टॅग, १९०५ आणि १९१३ ची टायटल, आणि १९३५ ला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूची पहिली हाइजमन ट्रॉफी ज्याला मिळाली तो जे बर्वँगर त्यांचाच. चार वर्षांनी, १९३९ ला, मिशिगनकडून ८५-० हरले आणि त्याच डिसेंबरात युनिव्हर्सिटीने फुटबॉल बंद केलं. रिकाम्या पडलेल्या त्या स्टॅग फील्डच्या स्टँडखाली २ डिसेंबर १९४२ ला शास्त्रज्ञ फर्मीने पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया करून दाखवली. युनिव्हर्सिटीने जे निवडलं ते जगाला माहीतच आहे. पण खानदान असं तीन-चार वर्षांतही संपतं, म्हणून या आठांनाही मी अमर समजत नाही.

टायटल मोजण्याबद्दल एक सावधगिरीची सूचना. वरच्या पातळीवर एनसीएए ही कॉलेजच्या खेळांची देशपातळीवरची संस्था स्वतः कधीच चॅम्पियन जाहीर करत नाही, त्यामुळे जुन्या काळातले आकडे ज्याने त्याने आपापले मांडलेत. अलाबामा १९४१ चं टायटल सांगते, त्या वर्षी एपीच्या यादीत ती २०वी होती आणि पहिली होती मिनेसोटा. मला अलाबामा आवडते, पण १९४१ तिने सोडून द्यावं. सतरा उरतात, काय कमी आहेत?

प्रश्न : जॉर्जियाने २०२१ आणि २०२२ लागोपाठ घेतली, फायनलला टीसीयूला (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटीला) ६५-७ धुतलं. अजून किती सिद्ध करायचं? आणि तीन टायटल असलेली क्लेमसन, पाचवाली मायामी, यांना दार उघडणार की नाही? — अटलांटा

उत्तर : दार बंद नाहीये. उंबरठ्यावर कोण उभं आहे विचारलंत तर जॉर्जिया आणि एलएसयू (लुइझियाना स्टेट), बाकी कोणी नाही.

जॉर्जियाचं टायटलपेक्षा मला ४१ वर्षांचं जास्त कौतुक. १९८० ला टायटल घेतलं तेव्हा त्यांचा स्टार खेळाडू हर्शल वॉकर पहिल्या वर्षाचा पोरगा होता, त्याच्यानंतरचं टायटल थेट २०२१ ला, आणि मधली सगळी वर्षं अथेन्सचं सँफर्ड स्टेडियम भरत राहिलं. आधीचं १९४२ धरलं तर तीन कोच होतात, बट्स, डूली, स्मार्ट. कर्बी स्मार्टनंतर जो येईल त्याने एक जिंकू दे, मी पहिला नाव लिहीन. एलएसयूचं तर विचित्रच आहे, १९५८, २००३, २००७, २०१९, चार टायटल आणि चार कोच, त्या हिशोबाने टेक्ससच्या पुढे. मधल्या ४५ वर्षांच्या खड्ड्यामुळे मी अडतो, आणि खरं सांगतो, हे मी पक्कं ठरवू शकलेलो नाही, पुढच्या दहा वर्षांत माझं मत बदलू शकतं.

मायामीचं दुःख वेगळं. १९८३ ते २००१ मधे पाच टायटल, चार कोच, घरच्या मैदानावर सलग ५८ विजय, त्या वीस वर्षांत तिच्यासारखं कोणीच नव्हतं. पण ते एकच पर्व होतं. ऑरेंज बोल स्टेडियम २००८ ला पाडलं, आता डॉल्फिन्स या प्रोफेशनल टीमच्या मैदानावर खेळतात, कॅम्पसपासून लांब, आणि पडतीच्या वर्षांत तिथल्या रिकाम्या खुर्च्या टीव्हीवर दिसायच्या. नेब्रास्काबद्दल जे लिहिलं त्याच्या बरोबर उलट. क्लेमसनची दोन कोच स्विनीची, एक १९८१ चं, अजून थांबायला लागेल.

प्रश्न : मी ऑस्टिनला शिकतो. आमची टेक्सस फक्त पैसा आणि राज्याच्या आकारामुळे खानदानी मोजतात का? खरं सांगा, वाईट वाटणार नाही. — ऑस्टिन

उत्तर : थोडंसं हो. चार टायटल, १९६३, ६९, ७० डॅरेल रॉयलची आणि २००५ मॅक ब्राउनचं, आठांत सर्वात कमी तुमचीच. पण २००६ च्या जानेवारीतली रोझ बोल, म्हणजे त्या सीझनची फायनल, यूएससी सलग ३४ मॅच जिंकून आलेली, आणि तुमचा व्हिन्स यंग शेवटच्या १९ सेकंदांत स्वतः पळत जाऊन ४१-३८ करतो, ती मॅच ज्याने बघितली तो टेक्ससला कधी खाली ढकलणार नाही. मी नाही ढकलत. आणि ओक्लाहोमाशी डॅलसला जी मॅच होते, अर्धं स्टेडियम केशरी अर्धं लाल, ती आयुष्यात एकदा बघच, तिकीट महाग पडलं तरी.

प्रश्न : २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातीचे पैसे घेता येतात, २०२५ पासून कॉलेजं थेट पैसे देतात. आता ज्याची तिजोरी मोठी त्याचंच राज्य, मग ही खानदानी-बिनदानी चर्चाच संपली नाही का? — पुणे

उत्तर : काही प्रमाणात बाजी पलटेल हे मान्य. प्रत्येक कॉलेजला पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली, आणि ट्रान्सफर सोपी झाल्याने पोरं दरवर्षी टीम बदलू शकतात. चार वर्षं राहून घडणारी टीम आता कमी दिसेल आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. खेळाडूंना पैसे मिळायलाच हवे होते, त्याबद्दल दुमत नाही, लाखभर माणसं तिकीट काढून ज्यांना बघायला येतात त्यांच्या हातात काहीच नाही हे चुकीचंच होतं. पण हे बाहेरून येणारे पैसे देणार कोण? ज्यांच्या आजोबांपासून सीझन तिकिटं आहेत तेच ना. २०२४ च्या सीझनची फायनल बघा, बारा टीमचा नवा प्लेऑफ, सगळे नवे नियम, आणि शेवटी समोरासमोर आले ओहायो स्टेट आणि नोत्र दाम. ३४-२३, ओहायो स्टेट. मी त्या रात्री झोपलो नाही.

प्रश्न : मी लातूरचा, लिंकनला या वर्षी आलोय. पहिल्यांदा मॅचला जाणार आहे, काय करू काय नको? — लिंकन, नेब्रास्का

उत्तर : लाल घाल, दुसरा कुठलाही रंग नको. दोन-तीन तास आधी जा, पार्किंगमधे लोक शेगड्या लावून बसलेले असतात, नवीन आहेस कळलं की हाक मारून खायला देतात. रन्झा नावाचा भरलेला पाव मिळेल, आत बीफ आणि कोबी असतो, खात नसशील तर आधी विचार. शेजारी एखादे आजोबा बसले असतील तर त्यांना ऑस्बोर्नबद्दल काहीही एक प्रश्न विचार, बाकी ते बघून घेतील. आणि मॅच संपल्यावर लगेच उठू नको. जिंको नाहीतर हरो, पाहुणी टीम मैदानातून बाहेर पडते तेव्हा तिथले लोक उभे राहून तिच्यासाठी टाळ्या वाजवतात, तेव्हा तूही वाजव.